वनस्पती तेल आणि बायोडिझेलवर डिझेल गाडी : सोलापूरच्या हवेत, पायरीपायरीने

डिझेलच्या गाडीत गोडे तेल ओतले तर ती चालते का, हा प्रश्न दुकानात येणारी माणसे मला वर्षातून पाच-दहा वेळा तरी विचारतात. माझे काम डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचे आहे, त्यामुळे विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डिझेलचे बिल असते आणि माझ्या डोळ्यांसमोर टेस्ट बेंचवर लावलेले नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे तोंड. गाडी चालते, हे खरे आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओट्टो कंपनीने मांडलेले एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवले होते, आणि ते इतके सुरळीत चालले की फार थोड्या लोकांच्या ते ध्यानात आले, असे खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी पुढे नमूद केले आहे. मात्र जवळपास कोणतेही डिझेल इंजिन जवळपास कोणतेही तेल एकदा जाळून दाखवते. खरा हिशेब पुढच्या पन्नास हजार किलोमीटरचा असतो.

तेल, बायोडिझेल आणि मिश्रण

बोलताना आपण तिन्हींची सरमिसळ करतो, आणि बहुतेक नुकसान तिथूनच सुरू होते. शेंगदाणा, करडई, सरकी, सोयाबीन, पाम किंवा करंज यांचे घाण्यातून अथवा रिफायनरीतून आलेले तेल म्हणजे वनस्पती तेल. याच तेलाची मिथेनॉलशी रासायनिक क्रिया घडवून, त्यातले ग्लिसरीन वेगळे काढून जे पातळ इंधन मिळते ते बायोडिझेल. त्याला बाजारात बी-१०० म्हणतात. हे बायोडिझेल साध्या डिझेलमध्ये मिसळले की मिश्रण तयार होते आणि त्याच्या नावापुढचा आकडा टक्केवारी सांगतो, म्हणजे बी-२० मध्ये वीस टक्के बायोडिझेल आणि ऐंशी टक्के डिझेल असते.

फरक घट्टपणाचा आहे. ४० अंश सेल्सिअसला डिझेलचा घट्टपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक असतो, चांगल्या बायोडिझेलचा ३.५ ते ५ च्या दरम्यान असतो आणि शेंगदाणा किंवा सोयाबीन तेलाचा ३० ते ४० च्या घरात जातो. म्हणजे बायोडिझेल डिझेलचा सख्खा भाऊ शोभते, आणि कच्चे वनस्पती तेल दहापट घट्ट असते. टेस्ट बेंचवर नोझल लावून हाताने दांडा दाबला की डिझेलचा फवारा धुक्यासारखा पसरतो आणि नोझल बारीक कुरकुर आवाज करते. त्याच नोझलमधून थंड गोडे तेल सोडले तर फवाऱ्याऐवजी पिचकारीसारखी सरळ धार निघते आणि आवाज बंद होतो. ही धार इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर आणि सिलिंडरच्या भिंतीवर जाऊन बसते आणि अर्धवट जळते. काही महिन्यांनी असे नोझल उघडले की त्याच्या भोकांभोवती कोळशाची, तुतारीच्या तोंडासारखी फुगलेली कडा जमलेली दिसते.

जे जळत नाही ते पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. तिथली उष्णता, हवा आणि धातूचा कीस यांच्या संगतीत वनस्पती तेलाचे रेणू एकमेकांना चिकटू लागतात, आणि शेवटी इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उघडला की ऑइलऐवजी थंड झालेल्या पिठल्यासारखा गोळा हाती लागतो. नोझलचा खर्च परवडतो. क्रँक आणि बेअरिंगचा परवडत नाही.

आधी गाडी ओळखावी

टाकीत काय ओतायचे हे ठरवण्यापूर्वी बॉनेट उघडून पंप पाहावा. जुन्या जीप, जुने पिकअप, बरेचसे ट्रॅक्टर आणि शेतातली इंजिने यांच्यावर इनलाइन पद्धतीचा यांत्रिक पंप असतो, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर आणि त्यातून निघणारी स्वतंत्र लोखंडी नळी. अशा पंपाचे वंगण बहुधा इंजिन ऑइलवर होते, तो दणकट असतो आणि नोझल साधारण दोनशे बारच्या दाबाच्या आसपास उघडते. दुसरा प्रकार रोटरी पंपाचा. तो आकाराने लहान असतो, आणि त्याचे वंगण त्यातून वाहणाऱ्या इंधनावरच होते, त्यामुळे घट्ट किंवा पाणी असलेले इंधन त्याला लवकर बाधते. तिसरा प्रकार कॉमन रेलचा. त्यात इंधनाचा दाब सोळाशे ते दोन हजार बारपर्यंत आणि काही गाड्यांत त्याहूनही वर जातो, इंजेक्टरमधल्या फटी केसाहून कितीतरी बारीक असतात आणि सगळा कारभार ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, हाती असतो.

इनलाइन पंपाच्या तंदुरुस्त गाडीत बी-२० पर्यंत जायला हरकत नाही. रोटरी पंपाच्या गाडीत मी बी-१० वर थांबतो. कॉमन रेल गाडीत मालकाच्या पुस्तिकेत जो आकडा छापला आहे त्याच्या वर थेंबभरही जाऊ नये, आणि पुस्तिकेत काही लिहिले नसेल तर पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या डिझेलपलीकडे काही घालू नये. कच्चे वनस्पती तेल तर कॉमन रेलमध्ये कधीच नको.

१ एप्रिल २०२० पासून नोंदणी झालेल्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक मानकाच्या, गाड्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. यांतल्या बहुतेकींच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि तो साफ करण्यासाठी बऱ्याच गाड्यांत ईसीयू एक्झॉस्टच्या वेळी जादा इंधन सिलिंडरमध्ये सोडतो. डिझेल त्या उष्णतेत बहुतांशी उडून पुढे जाते. बायोडिझेल उकळायला जास्त तापमान लागते, त्यामुळे त्याचा काही भाग भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये उतरतो आणि इंजिन ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढत जाते. गेजवर ऑइल वाढलेले दिसले की काहीजण खूश होतात. ते वाढणे धोक्याचे असते.

कोणत्या तेलापासून काय होते

सोलापूर हा करडईचा मुलूख. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या इथल्या केंद्रात करडईवर कित्येक दशके संशोधन झाले आहे आणि ‘भीमा’सारखे वाण त्यातूनच आले. त्यामुळे करडईच्या तेलावर गाडी चालवावी, असा स्थानिक अभिमानाचा विचार अनेकांच्या मनात येतो. तो मनातच ठेवलेला बरा. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे पाऊणपट असते, त्याचा आयोडीन अंक साधारण १४० च्या आसपास जातो आणि बायोडिझेलच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १५६०७ मध्ये, ही मर्यादा १२० आहे. आयोडीन अंक जितका मोठा, तितके तेल हवेत लवकर चिकट होऊन वाळते. जवसाचे तेल रंगात वापरतात ते याच गुणासाठी, आणि जो गुण दाराच्या रंगात हवा तो नोझलच्या टोकावर नको. हृदयासाठी चांगले म्हणून नावाजलेले तेल इंजिनाला मानवत नाही, हा गमतीचा योग आहे.

शेंगदाणा तेल या कसोटीवर ठीक उतरते, पण भाव पाहता ते जाळणे हे पाप नसले तरी मूर्खपणा नक्कीच आहे. हिशेब करताना एक चूक सर्रास होते: डबा १५ किलोचा असतो आणि डिझेल लिटरने मिळते. तेलाची घनता ०.९१ ते ०.९२ धरली तर १५ किलोच्या डब्यात जवळजवळ १६.४ लिटर तेल बसते. डब्याच्या किमतीला १६.४ ने भागून आलेला आकडा डिझेलच्या दराशेजारी मांडला की बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो. शिवाय आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. एरंडेल तेल इतके घट्ट असते की त्याचा विचारच करू नये. मोगली एरंडाविषयी २००३ नंतर फार मोठी स्वप्ने दाखवली गेली, २००९ च्या जैवइंधन धोरणात तर २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य होते. पण कोरडवाहू माळरानावर त्या झाडाने अपेक्षेइतके बी दिले नाही, आणि २०१८ च्या धोरणात बायोडिझेलचे लक्ष्य २०३० पर्यंत पाच टक्के असे ठेवले गेले.

मग उरते ते तळणाचे वापरलेले तेल, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात खरा अर्थ तिथेच आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर संध्याकाळी एक फेरी मारली तरी किती कढया उकळत असतात ते कळते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या खराब घटकांची, मर्यादा २५ टक्के ठरवली. त्यापलीकडे गेलेले तेल पुन्हा खाण्यात वापरता येत नाही. रोज पन्नास लिटरहून अधिक तेल तळणासाठी वापरणाऱ्या व्यावसायिकाने त्याची नोंद ठेवणे आणि ते अधिकृत संकलकाला देणे अपेक्षित आहे. असे तेल बायोडिझेलच्या कारखान्यात गेले तर ते पुन्हा कोणाच्या वड्यात येत नाही, हा लाभ इंधनाच्या लाभाहून मला मोठा वाटतो. पण भज्यांच्या गाड्यावरून आणलेले तेल धोतराच्या फडक्यातून गाळून थेट टाकीत ओतणे म्हणजे पाणी, मीठ, पिठाचा गाळ आणि मोकळी आम्ले एकदमच पंपात सोडणे आहे.

बायोडिझेल विकत घेताना

बायोडिझेल घ्यायचे ते परवानाधारक उत्पादकाकडून किंवा विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर, आणि बिलासोबत त्या खेपेचा आयएस १५६०७ नुसार तपासणी अहवाल मागून. अहवालात चार आकडे पाहावेत. एस्टरचे, म्हणजे खऱ्या बायोडिझेलचे, प्रमाण किमान ९६.५ टक्के असावे, मोकळी आम्ले किती ते सांगणारा आम्लांक ०.५ च्या आत असावा, पाणी किलोमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे आणि एकूण ग्लिसरीन ०.२५ टक्क्याच्या वर नसावे. अहवाल दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून माल घेऊ नये, मग दर कितीही गोड असो.

हे इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे, की महामार्गांवर ‘बायोडिझेल’ अशी पाटी लावून प्रत्यक्षात औद्योगिक तेल, बेस ऑइल किंवा सॉल्व्हंटचे मिश्रण विकण्याचे प्रकार महाराष्ट्रात आणि गुजरातेत वारंवार पकडले गेले आहेत. पुणे-सोलापूर-हैदराबाद आणि विजयपूर-सोलापूर-धाराशिव या रस्त्यांवरच्या ट्रकांची संख्या पाहता आपला भाग अशा धंद्याला सोयीचाच आहे. अशा मालावर चाललेल्या गाडीचे पंप माझ्या टेबलावर आलेले आहेत. प्लंजरवर उभ्या रेघा पडलेल्या असतात, कारण त्या द्रवात वंगणाचा गुण नसतो, आणि खरे बायोडिझेल तर वंगणात डिझेलपेक्षा सरस असते.

दुकानात करता येण्याजोग्या तीन तपासण्या मी प्रत्येक खेपेला करतो. पहिली काचेच्या बरणीतली आहे. अर्धी बरणी बायोडिझेल आणि तितकेच स्वच्छ पाणी घेऊन झाकण लावून दहा सेकंद जोरात हलवावे आणि बरणी ठेवून द्यावी. चांगला माल अर्ध्या तासात वर सोनेरी, खाली जवळपास नितळ पाणी आणि मध्ये कागदाइतकी पातळ रेघ असा वेगळा होतो. मध्ये दाट पांढरा, ताकावरच्या लोण्यासारखा थर राहिला तर त्यात साबण किंवा न बदललेले तेल आहे असे समजावे. दुसरी तपासणी हायड्रोमीटरची. १५ अंशांना बायोडिझेलची घनता घनमीटरला ८६० ते ९०० किलो असते, पण सोलापुरात १५ अंश कोण देणार? दर अंशामागे घनता सुमारे ०.७ ने उतरते असे धरून, ३५ अंशांच्या दुपारी काटा ८४६ ते ८८६ च्या दरम्यान दिसायला हवा. त्याहून बराच खाली दिसला तर त्या द्रवात डिझेल, रॉकेल किंवा त्याहून वाईट काही आहे. तिसरी तपासणी पाण्याची: रिकामा तवा कडक तापवून, शेगडी बंद करून, त्यावर दोन थेंब टाकावेत, तडतड झाली तर पाणी आहे. ही तपासणी मोकळ्या जागेत, इंधनाच्या कॅनपासून लांब करावी. ती फक्त तेलावर आणि शुद्ध बायोडिझेलवर करावी, डिझेल किंवा मिश्रणावर कदापि नाही, कारण डिझेलची वाफ फारच कमी तापमानाला पेट घेते. म्हणूनच हायड्रोमीटरचा आकडा पटल्याखेरीज तव्याकडे वळू नये.

गाडीची तयारी

बायोडिझेल हे चांगले सॉल्व्हंट आहे, आणि नवशिक्याला बसणारे बहुतेक धक्के या एका गुणातून येतात. पंधरा वर्षे डिझेलवर चाललेल्या टाकीच्या तळाशी गाळ, गंज आणि डिंकासारखा थर साचलेला असतो. बायोडिझेल तो सुटा करते आणि सगळा फिल्टरकडे पाठवते. माझ्या जुन्या पिकअपमध्ये मी पहिल्यांदा एकदम बी-२० भरले ते टाकी साफ न करताच. तुळजापूरच्या घाटात गाडीने दम सोडला, हँड प्रायमर मारून दोनदा हवा काढली, पुन्हा तेच. शेवटी फिल्टर खोलला तेव्हा आतून काळ्या मलमासारखा राडा निघाला. जवळ सुटा फिल्टर नव्हता. चूक सर्वस्वी माझीच होती आणि ती पुढे कोणाकडून होऊ नये म्हणून तयारीचा क्रम इथे देतो.

टाकी जवळपास रिकामी असताना तळाचा ड्रेन बोल्ट काढून उरलेले डिझेल कॅनमध्ये घ्यावे आणि ते किती मळके आहे ते पाहावे. गाळ जास्त असेल तर टाकी उतरवून धुणे हाच मार्ग आहे. त्यानंतर टाकीपासून पंपापर्यंतच्या आणि परतीच्या रबरी नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. जुन्या गाड्यांतले नैसर्गिक किंवा साधे नायट्राइल रबर बायोडिझेलमध्ये फुगते, मऊ पडते आणि झिरपू लागते, म्हणून त्या जागी बायोडिझेलला टिकणाऱ्या व्हायटॉन रबराच्या नळ्या आणि सील बसवावेत. मिश्रण पाच-सात टक्क्यांचेच असेल तर ही घाई नको, पण बी-२० साठी हा खर्च आधीच करावा. पितळ, तांबे, जस्त आणि शिसे यांच्या सान्निध्यात बायोडिझेल लवकर खराब होते, त्यामुळे पितळी जोड आणि जस्ताचा मुलामा दिलेले पिंप टाळावेत. नवा फिल्टर बसवावा, आणखी दोन फिल्टर आणि एक पान्हा सीटखाली ठेवावा. इंधनातले पाणी वेगळे करणारा वॉटर सेपरेटर नसेल तर तो बसवून घ्यावा. पावसाळ्यात त्याची किंमत वसूल होते.

पहिल्या टाकीपासून बी-२० पर्यंत

सुरुवात बी-५ ने करावी. ४० लिटरच्या टाकीत दोन लिटर बायोडिझेल, इतकेच. बायोडिझेल डिझेलपेक्षा जड असते, म्हणून आधी अर्धे डिझेल भरावे, मग बायोडिझेल ओतावे आणि वरून उरलेले डिझेल भरावे. नंतर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवली की परतीच्या नळीतून फिरणाऱ्या इंधनाने मिश्रण आपोआप एकजीव होते. ओतताना पत्र्यावर सांडले तर लगेच साबणाच्या पाण्याने पुसावे, नाहीतर रंग उतरतो.

दोन टाक्या बी-५ वर, मग दोन बी-१० वर, आणि सगळे सुरळीत असेल तर बी-२०. दर बदलानंतर पहिला फिल्टर ३०० ते ५०० किलोमीटरवर उघडून पाहावा, दुसरा हजारावर. चढावर गाडी उचलत नसेल, वेग एका आकड्यापुढे सरकत नसेल किंवा सकाळी जास्त वेळ स्टार्टर मारावा लागत असेल तर इंधनाला दोष देण्याआधी फिल्टर पाहावा. तीन-चार फिल्टरनंतर गाळ संपतो आणि मग नेहमीच्या मुदतीवर परत जाता येते. बहुतेक लोक दुसऱ्या फिल्टरलाच कंटाळून प्रयोग सोडतात.

अ‍ॅव्हरेज थोडे कमी होते, हे आधीच गृहीत धरावे. लिटरमागे बायोडिझेलमध्ये डिझेलपेक्षा आठ-नऊ टक्के कमी ऊर्जा असते, म्हणून बी-२० वर एक-दोन टक्क्यांची घट येते. पंधराचे अ‍ॅव्हरेज देणारी गाडी पावणेपंधरा देईल. त्याबदल्यात इंजिनाचा आवाज किंचित मवाळ होतो आणि धूर कमी होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली अनेक चाचण्या एकत्र करून बी-२० साठी काढलेले आकडे असे होते: काजळीचे कण सुमारे १० टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्क्यांनी आणि न जळलेले हायड्रोकार्बन २१ टक्क्यांनी कमी, तर नायट्रोजनची ऑक्साइड दोन टक्क्यांनी जास्त. ते आकडे जुन्या, जड इंजिनांचे आहेत, आणि आपण ज्या गाड्यांत हे मिश्रण वापरायचे म्हणतो त्याही तशाच आहेत.

इंजिन ऑइल बी-२० वर नेहमीपेक्षा थोडे आधी बदलावे. दर आठवड्याला गेजवर ऑइलची पातळी पाहावी आणि एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहावा. कडा चिकट असेल आणि थेंब पसरत नसेल तर ऑइल लगेच बदलावे.

उन्हाळा, पावसाळा, थंडी

एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. हवा आणि उष्णता मिळाली की बायोडिझेलचे ऑक्सिडीकरण होते, त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा खवट वास येतो आणि आम्लांक चढतो. म्हणून साठा सावलीत, जाड प्लॅस्टिकच्या किंवा पोलादी पिंपात, काठोकाठ भरून आणि घट्ट झाकून ठेवावा, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवूच नये. उन्हाळ्यात मी दोन महिन्यांपुरताच घेतो. जी गाडी हंगामानंतर महिनोन्महिने उभी राहते, उदाहरणार्थ ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर, तिच्या टाकीत मिश्रण ठेवून जाऊ नये. शेवटच्या दोन टाक्या साध्या डिझेलवर चालवून मगच ती उभी करावी.

पावसाळ्यातली अडचण पाण्याची आहे. बायोडिझेल डिझेलपेक्षा कितीतरी जास्त ओलावा शोषते आणि टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात जिवाणूंचा बुळबुळीत तवंग वाढतो. दर आठवड्याला सेपरेटरचा बोल्ट ढिला करून पेलाभर इंधन पारदर्शक बाटलीत घ्यावे आणि तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का ते पाहावे.

थंडी म्हणजे आपल्याकडे काय, असे कोणी म्हणेल. परंतु पामतेलापासून केलेले बायोडिझेल १३ ते १६ अंशांच्या दरम्यानच गढूळ होऊ लागते, आणि जानेवारीत पहाटे सोलापूरचे तापमान १२-१४ अंशांवर येते. तळणाचे तेल बऱ्याचदा पामतेलच असते, म्हणून त्याच्या बी-१०० चा कॅन डिसेंबरात अंगणात ठेवला तर सकाळी खोबरेल तेलासारखा तळाशी थिजलेला दिसतो. हिवाळ्यात मिश्रण बी-१० वर आणावे, मिसळण्याचे काम दुपारी करावे आणि गाडी आडोशाला लावावी.

कच्चे वनस्पती तेलच वापरायचे असेल तर

माझा सल्ला नको असाच आहे. तरी शेतात पाणी उपसणारे लिस्टर पद्धतीचे संथ, मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांचे इंजिन असेल, तर त्याच्यावर हा प्रयोग करण्याजोगा आहे. त्यासाठी दोन टाक्या लागतात. इंजिन सुरू करायचे ते डिझेलच्या टाकीवर; ते पुरते तापले, की रेडिएटरच्या गरम पाण्याने तेल ७० ते ८० अंशांपर्यंत तापवणाऱ्या हीट एक्स्चेंजरमधून दुसऱ्या टाकीतले तेल यायला हवे, आणि मगच व्हॉल्व्ह फिरवून तेलावर जायचे. इतके तापवले तरी तेल डिझेलच्या तीन-चारपट घट्टच राहते, हे विसरू नये. इंजिन बंद करण्यापूर्वी निदान पाच मिनिटे पुन्हा डिझेलवर चालवून पंप, नळ्या आणि नोझल धुऊन काढायचे. हे एकदा जरी राहिले तरी थंड झालेले तेल नोझलमध्ये अडकते, आणि माणसाच्या हातून ते कधी ना कधी राहतेच. तेल आधी ६० अंशांपर्यंत तापवून दोन दिवस निवळू द्यावे, वरचे घ्यावे, पाच मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळावे. इंजिन ऑइल निम्म्या मुदतीत बदलावे आणि नोझल दर दोनशे तासांनी उतरवून पाहावे.

घरी बायोडिझेल करण्याविषयी

रीत कागदावर सोपी दिसते. शंभर लिटर तेलाला सुमारे वीस लिटर मिथेनॉल आणि थोडे कॉस्टिक घेऊन ५५ ते ६० अंशांवर ढवळले की काही तासांत खाली काळपट ग्लिसरीन आणि वर बायोडिझेल वेगळे होते, मग ते धुवायचे आणि वाळवायचे. वापरलेल्या तेलात मोकळी आम्ले किती आहेत हे मोजून कॉस्टिकचे प्रमाण दर खेपेला बदलावे लागते. ते चुकले की संपूर्ण पिंपाचा साबण होतो. पण माझा विरोध साबणामुळे नाही, मिथेनॉलमुळे आहे. ते ६४.७ अंशांना उकळते, म्हणजे क्रियेच्या तापमानापासून हाताच्या अंतरावर. त्याची ज्वाला दिवसा जवळजवळ दिसत नाही. ते श्वासावाटे आणि कातडीतूनही शरीरात जाते आणि अगदी थोडे पोटात गेले तरी डोळे किंवा जीव जातो. ते बाळगायला परवाना लागतो आणि तो लागायलाच हवा. घराच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, शेगडीवर ही गोष्ट करणाऱ्याला मी मदत करत नाही. तळणाचे तेल गोळा करून नोंदणीकृत कारखान्याला द्यावे आणि त्याच्याकडून तपासलेले बायोडिझेल विकत घ्यावे.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातील तपशिलात बदल होईल असा फेरफार परवानगीवाचून गाडीत करता येत नाही. दुसरी टाकी आणि हीटर बसवणे त्यात येऊ शकते, म्हणून आधी आरटीओत विचारावे. शेतातल्या स्थिर इंजिनाला हा प्रश्न येत नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर पुस्तिकेतली मर्यादा ओलांडणे म्हणजे वॉरंटीवर पाणी सोडणे आहे, आणि विमा कंपनीला कळवल्याशिवाय इंधनव्यवस्थेत बदल करू नये. बायोडिझेलची सर्व बिले, तपासणी अहवाल आणि प्रत्येक खेपेतील पाव लिटरचा नमुना, तारीख लिहून, काळ्या बाटलीत सहा महिने ठेवावा. पंप खराब झाला तर वादाच्या वेळी हीच बाटली कामी येते.

आणि फिल्टर बदलल्यावर हात पुसलेल्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून टाकू नयेत. करडई, जवस किंवा सोयाबीन यांच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग हवेशी क्रिया होऊन आतून तापत जातो आणि मे महिन्याच्या दुपारी, काडी न लावताही, धुमसू लागू शकतो. या चिंध्या पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावावे, किंवा बाहेर दोरीवर एकेक करून सुट्या वाळत घालाव्यात.